आधी गडगा की आधी चूल?

गोव्यात पाऊस एकदा नीट लागला की घरोघरी एकच उद्योग: शेवाळ खरवडणं. पायरीवर, न्हाणीच्या दगडावर, तुळशीच्या कट्ट्याला, आणि सगळ्यात जास्त चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर. कुणी ब्लीचिंग पावडर मारतो, कुणी पाण्याचा पंप भाड्याने आणतो. म्हार्दोळच्या आमच्या आत्याचा भरवसा मात्र काथ्यावर आणि भाच्यांच्या मनगटावर. मी गडग्याला भिंग लावून उभा राहिलो की तिचा आवाज येतोच, “भिंग मागीर घे रे, आधी ती पायरी घास. कोण पडलं तर तुझं शास्त्र येणार आहे हाड जोडायला?”

तिचं खरं आहे. पण गडगा बघण्यासारखा असतो हेही खरं. मे महिन्यात चिऱ्यावर ठिकठिकाणी काळा पापुद्रा धरलेला असतो. हात लावला तर कोरडा, चुरचुरीत; आपण तो डागच समजतो. पहिली सर पडली की थोड्याच वेळात तो फुगतो, बोटाला बुळबुळीत लागतो आणि काळ्याखालून हिरवा डोकावायला लागतो. ही नील-हरित जीवाणूंची, म्हणजे सायनोबॅक्टेरियांची वस्ती. काळेपणा स्कायटोनेमिन नावाच्या रंगद्रव्याचा. उन्हातल्या अतिनील किरणांपासून ते बचाव करतं. महिनोन्महिने वाळून पडायचं आणि पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागायचं, असा यांचा चिवटपणा.

शेजारचं मखमली हिरवं शेवाळ वेगळं. त्याच्या पेशीत केंद्रक आहे, आणि उन्हावर अन्न बनवणारं हरितलवक आहे. गंमत अशी की हे हरितलवकही मुळात असाच एक नील-हरित जीवाणू. कधीकाळी दुसऱ्या पेशीने गिळलेला आणि न पचता आतच राहून गेलेला. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे मांडलं, त्याआधी तो लेख बऱ्याच नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज त्यावर कुणी वाद घालत नाही. म्हणजे आमच्या गडग्यावर ही मंडळी दोनदा आहेत, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा शेवाळाच्या पोटात.

पेशीला काय काय लागतं? आत-बाहेर वेगळं ठेवणारं पटल, आत कामाची माहिती लिहिलेला डीएनए, ती वाचून प्रथिनं बनवणारे रायबोसोम, आणि हे सगळं चालवायला ऊर्जा. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरकोव यांनी १८५५ मध्ये सांगून ठेवलं की पेशी पेशीपासूनच होते. ठीक आहे, पण मग पहिली कुठून आली?

आधी पटल आलं, आधी माहिती की आधी ऊर्जा, इथे शास्त्रज्ञांत तट पडतात, आणि मला आमच्याकडचे भाट, म्हणजे बागायती जमीन, विकत घेणारे आठवतात. काहीजण जागा ताब्यात आली की आठ दिवसांत कंपाउंड घालून मोकळे. घर मागाहून होईल तेव्हा होईल. काहीजण आधी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा नावावर करून घेतात. आणि जुनी माणसं म्हणतात, चूल पेटली की घर झालं.

कंपाउंडवाल्यांची बाजू अशी: मेदाच्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाण्याला भितं. पाण्यात सोडले की ते आपणहून दुहेरी थर करतात आणि तो वाकून बंदही होतो. गवंडी लागत नाही. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली. तिच्यातून काढलेल्या पदार्थांनी पाण्यात असेच पोकळ फुगे केल्याचं डेव्हिड डीमर यांनी १९८५ मध्ये दाखवलं. उताऱ्यावाल्यांचा सगळा भर आरएनएवर, म्हणजे डीएनएच्या चुलतभावावर. तो माहितीही साठवतो आणि रासायनिक कामंही करतो, हे दाखवणाऱ्या थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. स्टॅन्ली मिलरने १९५३ मध्ये वायूंच्या मिश्रणात ठिणग्या पाडून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळवली, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण चिरे, वाळू आणून टाकली म्हणजे घर झालं असं नाही.

माझं मत विचाराल तर मी चुलीच्या बाजूचा. २००० साली अटलांटिकच्या तळाशी ‘लॉस्ट सिटी’ नावाची उष्ण झऱ्यांची जागा सापडली. अल्कधर्मी कोमट पाणी तिथल्या खडकातून झिरपत वर येतं, आणि त्या खडकात बारीक बारीक पोकळ्या असतात. आदिम समुद्राचं पाणी आम्लधर्मी होतं. अशा पोकळीच्या पातळ भिंतीच्या एका बाजूला प्रोटॉन (हायड्रोजनचे धन भार असलेले कण) जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि या फरकावर ऊर्जा मिळू शकते. आजच्या पेशीही पटलाच्या दोन बाजूंना असाच फरक राखूनच बरीचशी ऊर्जा कमावतात. थोडक्यात, चूल पेटायलाही आडोसा लागतोच, फक्त तो दगडाने आयता दिला असेल. कंपाउंडवाल्यांनी एवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही.

चिऱ्याचा लाल रंग मात्र पेशी जन्मल्यानंतरचा मामला. पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह राहिलं आणि ते हवेतल्या प्राणवायूने गंजलं, तो आमचा जांभा. तो प्राणवायू आला या नील-हरितांच्या पूर्वजांकडून, सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी तो हवेत साठायला लागला. डिचोली, सत्तरी, सांग्याच्या ज्या खनिजाने मांडवी-झुवारीतले बार्ज भरून गेले, तेही मूळचं प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेलं लोह. विरघळलेलं लोह असं खाली बसवण्यात सूक्ष्म जीवांचा मोठा वाटा होता, असं भूशास्त्रज्ञ मानतात.

त्या काळच्या बहुतेक जीवांना प्राणवायू म्हणजे विषच. काही मेले असणार, बाकीचे हवा पोचत नाही अशा ठिकाणी शिरले. प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू आजही आहेत. ओहोटीच्या वेळी रायबंदरहून चोडणला फेरीने जाताना खारफुटीच्या काळ्या चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. फेरीतले लोक नाकाला रुमाल लावतात आणि कुठलं तरी गटार फुटलं असेल म्हणतात.