आवक नाही

"तिला संगणकावर दिसंना झालंय तर विद्यापीठातली ती बाई तरी काय करणार?" एवढं बोलून पप्पांनी पुन्हा पेपरात तोंड घातलं. झालं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

विद्यापीठाच्या मेलचं मला आता काही वाटेनासं झालंय. आजही तोच मजकूर: तुमच्या आरोग्य विम्याची माहिती आमच्याकडे आलेली नाही, सबब प्रवेश पूर्ण करता येत नाही. विमा कंपनी म्हणते, आम्ही कधीच पाठवली. तारीखसुद्धा सांगतात. जर्मनीत २०२२ पासून हा कारभार कंपनीचा आणि विद्यापीठाचा संगणक परस्पर करतात. म्हणजे कंपनीचं पत्र माझ्या हातात आहे, त्यावर नाव, जन्मतारीख, विमा क्रमांक सगळं धडधडीत छापलंय, पण ते मी दाखवून उपयोग नाही. माझ्याबद्दलची माहिती माझ्याकडून घेत नाहीत! विद्यापीठ बदललंच नसतं तर... जाऊ दे, तो विषय आज नको.

१ ऑक्टोबरला सेमिस्टर सुरू. प्रवेशाचा दाखला नसेल तर तिथं राहायचा परवाना वाढवायच्या अपॉइंटमेंटला काय घेऊन जाऊ? होस्टेललाही तोच दाखला लागतो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरायला पप्पांनी फंडाला हात लावला, तेव्हा ताई जे बोलली होती ते... तेही नको.

सुट्टीला घरी आले ती जरा निवांत राहायला. गौरी-गणपती झाले, रंकाळ्यावर एक चक्कर नाही. तिथं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा इथं साडेबारा वाजतात. नेमकी आई ताट वाढते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. घरात सगळ्यांना सांगून झालंय. मामींनी "मेल्यांना काही कळतं की नाही" म्हणून दोन शिव्या हासडल्या, तेवढ्यानंही बरं वाटलं. पप्पांकडून मला तेवढंच हवं होतं. सल्ला नको, तोडगा नको. पण त्यांनी न पाहिलेल्या, नाव न माहीत असलेल्या त्या बाईची बाजू घेतली!

घेणारच म्हणा. सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली त्यांची.

लहानपणी शाळा सुटली की मी कधीमधी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायची. एकदा बाकावर एक म्हातारबाबा होते, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. गगनबावड्याची एस.टी. चुकेल म्हणून सारखे घड्याळाकडे बघत होते. पप्पांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा बोट फिरवलं. "आवक नाही. उद्या या." आवाज चढवला नाही, तुसडेपणा नाही. पैसे तर त्यांनी जन्मात कुणाचे घेतले नाहीत. म्हातारबाबा "बरं साहेब" म्हणून उठले. मला त्या वेळी पप्पांचा अभिमान वाटला होता, साहेब म्हणाले म्हणून.

आज तो बाक आठवल्यावर पप्पांशी बोलावंसं वाटेना. तेच आले चहा घेऊन.

"पोच घेतलीस का?"

"तिकडं पोच देत नाहीत. आपोआप उत्तर येतं, तुमचा मेल मिळाला म्हणून."

"मग तीच पोच की! एवढं कशाला तापालीस?"

मग मेल वाचून दाखवायला लावले. माझे सगळे मेल "त्रासाबद्दल क्षमस्व"ने सुरू होतात. त्रास मला, क्षमा माझीच. पप्पांना त्याचं काही नाही, ते म्हणाले, अर्जात संदर्भ कुठाय? दोघांना वेगवेगळं का लिहितीस? एकच पत्र काढ. विषय, संदर्भ, जावक कधी झाली ती तारीख, पुन्हा पाठवण्याची विनंती आणि खाली प्रत माहितीसाठी सादर. दोघांनाही कळू दे की दुसऱ्यालाही कळलंय.

तसंच लिहिलं. सीसी म्हणजे काय हे मला आज पहिल्यांदा नीट समजलं असं म्हणायला हरकत नाही. क्षमस्व काढून टाकलं. आपोआप येणारं उत्तर आलं, ते पप्पांनी कोपऱ्यावरून प्रिंट काढून आणायला लावलं, पंच करून फाईलला टॅगनं बांधलं आणि वर तारीख घातली. निवृत्त होऊनही पंचिंग मशीन घरात का आहे, हे विचारायचं राहिलं.

राग गेलाय असं नाही. बाजू त्यांनी तिचीच घेतली.

उद्या मंगळवार, फोनवर बोलायचा दिवस. तिथले दहा म्हणजे इथले दीड. आई म्हणते आधी जेवून घे. पप्पा म्हणतात, फोन मला दे, जर्मन येत नसलं म्हणून काय झालं, टेबलावरच्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं.

देऊन बघावा म्हणते.