मोठी रेपो, संथ स्टेटस: अडलं होतं ते -यूऑलपाशी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की वॉचमनचा (फाइल्समधले बदल टिपणारा प्रोग्रॅम) हुक एफएसमॉनिटरला (ते बदल गिटपर्यंत पोचवणारी सोय) जोडल्यावर टर्मिनलमधलं गिट स्टेटस, म्हणजे काय बदललंय ते सांगणारी कमांड, ०.३ सेकंदांवर आलं. तीच रेपो, सुमारे २ लाख फाइल्सची. तो आकडा आजही तसाच येतो. पण एडिटरमध्ये एखादी फाइल सेव्ह केली की सोर्स कंट्रोलच्या पट्टीतलं फिरणारं चिन्ह सहा-सात सेकंद थांबायचंच नाही. मशीन एकच, गिट एकच, आणि फरक वीसपट! तीन संध्याकाळी त्यात गेल्या. काल रात्री कारण हाती लागलं.

आधी जे निघालं नाही ते. इंडेक्स (ट्रॅक केलेल्या फाइल्सची गिटची यादी) आवृत्ती ४ वर होता. आयनोटिफायची (फाइल बदलल्याचं कळवणारी लिनक्सची सोय) वॉच-मर्यादा पूर्वीच वाढवली होती. कमिट-ग्राफ (कमिटच्या इतिहासाची कॅशे) ताजा होता, पण तो कामाला येतो लॉग आणि मर्ज-बेसच्या वेळी. आणि गिट जीसी अ‍ॅग्रेसिव्ह चालवा, हा सल्ला स्टेटससाठी कुणी कुणाला देऊ नये असं माझं ठाम मत झालंय. स्टेटसचा वेळ मुख्यतः इंडेक्स आणि वर्किंग ट्रीमध्ये जातो. पॅकफाइल (इतिहास दाबून साठवणारी फाइल) कितीही आवळली तरी डिस्कवरच्या फाइल्स तेवढ्याच राहतात.

खरी चूक मोजण्यात होती. ट्रेससाठी (गिट आत काय करतं त्याच्या नोंदीसाठी) मी टर्मिनलमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावत होते आणि एडिटर मेनूतून उघडत होते, म्हणजे त्याच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. मग ग्लोबल कॉन्फिगमध्ये ट्रेस२.पर्फटार्गेटला एका फाइलचा पूर्ण पाथ दिला. आता गिट कुणीही बोलावलं तरी नोंद तिथेच पडते. फाइल सेव्ह केली, ट्रेस उघडला, तर स्टार्टच्या ओळीतच एडिटरची अख्खी कमांड होती: स्टेटसपुढे -यूऑल, म्हणजे ट्रॅक नसलेली प्रत्येक फाइल दाखव.

दोन्ही ट्रेस शेजारी ठेवले. टर्मिनलच्या ट्रेसमध्ये रीड-डिरेक्टरीखाली डिरेक्टरीज-व्हिजिटेड आणि पाथ्स-व्हिजिटेड, त्यांच्याखाली नोड-क्रिएशन, गिटइग्नोर-इनव्हॅलिडेशन, डिरेक्टरी-इनव्हॅलिडेशन, ओपनडिर (उघडून वाचाव्या लागलेल्या डिरेक्टऱ्यांची संख्या). एडिटरच्या ट्रेसमध्ये फक्त वरच्या दोन ओळी. खालच्या चार नव्हत्याच. आणि त्या चार छापल्या जातात त्या अनट्रॅक्ड कॅशे (ट्रॅक नसलेल्या फाइल्सचा आधीचा शोध लक्षात ठेवणारी) वापरात असेल तरच.

इथे सगळं जुळलं. स्टेटसला दोन कामं असतात: ट्रॅक केलेल्या फाइल्स बदलल्या का ते बघणं, आणि ट्रॅक नसलेल्या फाइल्स शोधत डिरेक्टऱ्या धुंडाळणं. पहिल्या कामातले एलस्टॅट (एकेका फाइलची माहिती विचारणारे कॉल) एफएसमॉनिटर वाचवतो. दुसऱ्या कामात तो उपयोगी पडतो ते अनट्रॅक्ड कॅशेच्या आधाराने. आणि ती कॅशे ‘नॉर्मल’ पद्धतीने भरलेली होती, जिच्यात पूर्ण अनट्रॅक्ड डिरेक्टरीचं फक्त नाव येतं. -यूऑल मागतं आतली प्रत्येक फाइल. उत्तर वेगळं असल्यामुळे गिट कॅशे बाजूला ठेवतं आणि सगळी झाडं नव्याने चालतं, दर सेव्हला.

उपाय एका ओळीचा: कॉन्फिगमध्ये स्टेटस.शोअनट्रॅक्डफाइल्स = ऑल. मग कॅशेच त्या पद्धतीने भरली जाते. जुन्या गिटमध्ये -यूऑल आलं की कॅशे सुटायचीच, तेव्हा आवृत्ती नवी हवी.

ओळ टाकली, एडिटर उघडला, पुन्हा सात सेकंद! दुसऱ्यांदाही सात. इथे मात्र मी खरंच हताश झाले. पण ट्रेसमध्ये चार ओळी आल्या होत्या, फक्त ओपनडिर दर वेळी हजारोंत. म्हणजे कॅशे बनत होती, पण टिकत नव्हती. माझा एडिटर गिटला ऑप्शनल लॉक बंद करून बोलावतो, आपण कमांड चालवत असताना इंडेक्सच्या लॉकवर टक्कर होऊ नये म्हणून. ते योग्यच आहे, पण त्यामुळे स्टेटस इंडेक्स परत लिहीत नाही, आणि कॅशे इंडेक्समध्येच राहते. टर्मिनलमध्ये साधं स्टेटस दोनदा चालवलं, एडिटरकडे आले, फाइल सेव्ह केली. चिन्ह जेमतेम चमकलं आणि गेलं. ०.४ सेकंद. मी उगाचच आणखी दहा वेळा सेव्ह करून पाहिलं.

आता टर्मिनलमध्ये अनट्रॅक्ड फाइल्सची यादी लांबते, हे मान्य आहे मला. आणि हीच वर्किंग ट्री कंटेनरमध्ये वेगळ्या पाथवर माउंट करून वापरत असाल तर सावध: कॅशेत जागा आणि सिस्टिमची नोंद असते, ती जुळली नाही तर कॅशे वापरली जात नाही.

पुढचा बेत स्पार्स-चेकआउटचा कोन मोड होता, म्हणजे लागतील तेवढ्याच डिरेक्टऱ्या डिस्कवर ठेवणं. पण हे लिहिताना ट्रेस पुन्हा चाळला तर बिल्डनंतरच्या प्रत्येक पहिल्या स्टेटसला ओपनडिर २१४. आमचा कोड जनरेटर सोर्सच्याच डिरेक्टऱ्यांत तात्पुरत्या फाइल्स लिहून पुसतो, त्याने तेवढ्या डिरेक्टऱ्या बाद होत असणार. मग स्पार्स थांबू दे. आधी जनरेटरचं आउटपुट झाडाबाहेर हलवते. उद्या बिल्ड चालवून ओपनडिरचा नवा आकडा इथे टाकते.