छोटा कॅमेरा ड्रोन घ्यावा का? दीर्घ वापरानंतरचे माझे मत

ड्रोनची परीक्षणे बहुधा तो हाती आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत लिहिली जातात आणि त्या दिवसांत कोणताही ड्रोन चांगलाच वाटतो. ओळखीची जमीन वरून पाहण्याची अपूर्वाई एवढी मोठी असते की बॅटरी किती टिकेल, वाऱ्यात यंत्र कसे वागेल आणि मुख्य म्हणजे आपण ते नेमके कशासाठी उडवणार आहोत, हे प्रश्न त्या वेळी पुढे येतच नाहीत. मी डीजेआय या चिनी कंपनीचा मिनी २ हा ड्रोन २०२१ साली घेतला आणि आजही तोच वापरतो. नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आलेल्या या मॉडेलनंतर त्याच मालिकेत बरीच नवी मॉडेल्स आली आहेत. त्यामुळे तो घेण्याजोगा होता का, याचे उत्तर आता नवलाई वजा करून देता येते. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकारामागची कारणे जाहिरातीत दिसणाऱ्या कारणांहून बरीच वेगळी आहेत.

आमची शेती सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी पाऊस कोसळत असतो, तेव्हा आमच्याकडे लोक ढगांकडे पाहत बसलेले असतात. गावाच्या वरच्या अंगाला पावसाचे पाणी अडवून जिरवण्यासाठी डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे एकाच पातळीत जाणारे आडवे खड्डे, खोदले आहेत आणि खाली ओढ्यावर माती नालाबांध आहेत. या कामाचा परिणाम जमिनीवर उभे राहून नीट कळत नाही. बांधाजवळ गेले की फक्त बांध दिसतो. बांधाच्या खालच्या बाजूला माघ महिन्यातही हिरवा राहिलेला पट्टा किती लांब गेला आहे, कोणत्या चरात माती साचून तो बुजत चालला आहे, कोणत्या वावरात शाळूऐवजी कांदा आला आहे, हे शंभर मीटरवरून एका दृष्टिक्षेपात दिसते. दरवर्षी पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा ऐन उन्हाळ्यात मी त्याच जागांची छायाचित्रे घेतो. या क्रमामुळेच ड्रोनची किंमत वसूल झाली, असे मी मानतो. एकेकटे छायाचित्र सुंदर असेल वा नसेल. पण एकाच कोनातून घेतलेली निरनिराळ्या वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवली, की ग्रामसभेत अर्धा तास चालणारा वाद दोन मिनिटांत मिटतो.

ठरवलेल्या बिंदूंवरून आपोआप उड्डाण करण्याची सोय या मॉडेलमध्ये नाही, आणि माझ्या कामाच्या दृष्टीने ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. तिच्यावर उपाय मात्र आहे. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश, रेखांश, उंची आणि कॅमेऱ्याचा झुकाव नोंदलेला असतो; ते आकडे वहीत उतरवून घेऊन, दरवेळी त्याच खडकावरून उड्डाण करून आणि जुने छायाचित्र फोनवर समोर ठेवून चौकट जुळवावी लागते. हे काम सवयीने जमते, परंतु त्यात बॅटरीची मौल्यवान मिनिटे खर्च होतात. ज्यांना बांधकामाची प्रगती किंवा नदीपात्रातील बदल अशीच नियमित नोंद ठेवायची आहे, त्यांनी खरेदीपूर्वी कॅमेऱ्याच्या आधी ही सोय तपासावी.

वजनाबद्दल आता सांगतो. उड्डाणास सज्ज अवस्थेत हा ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा कमी भरतो. सुरुवातीला मला हा केवळ कायद्याच्या सोयीचा आकडा वाटत होता, परंतु वापराचे प्रमाण ठरवण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा निघाला. घडी घातलेला ड्रोन, नियंत्रक आणि जादा बॅटऱ्या हे सारे पाण्याची बाटली व भाकरीसोबत एकाच पिशवीत मावते, म्हणून तो रानात नेला जातो. याहून मोठा आणि सरस कॅमेऱ्याचा ड्रोन असलेले एक परिचित आहेत. त्यांचे यंत्र निर्विवाद चांगली चित्रे देते, पण त्याची स्वतंत्र पेटी डोंगरावर चढवण्याचा कंटाळा येऊन ते बहुतेक वेळा घरीच राहते.

चित्राच्या दर्जाबाबत मी स्पष्ट लिहितो. प्रकाश टिपणारा संवेदक १/२.३ इंचाचा असून छायाचित्र १२ मेगापिक्सेलचे येते, आणि चलचित्रण सेकंदाला ३० चौकटींच्या गतीने फोरके दर्जात होते. दिवसाच्या भरपूर उजेडात, विशेषतः सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर, मिळणारे चित्र छापण्यास आणि पडद्यावर दाखवण्यास पुरेसे असते. सूर्यास्तानंतर मात्र सावलीच्या भागात दाणे दिसू लागतात आणि डोंगराची बाजू काळवंडून जाते. प्रकाश आत घेणारे भिंगाचे छिद्र एफ २.८ वर कायम आहे, ते लहानमोठे करता येत नाही, म्हणून दुपारच्या उन्हात चलचित्रण करताना प्रकाश कमी करणारी गाळणी लावावी लागते. नाहीतर शटरची गती फार वाढते आणि हालचाल तुटक दिसते. छायाचित्रे कच्च्या (रॉ) स्वरूपात साठवून घरी संगणकावर सावकाश प्रक्रिया केली, तर आकाश आणि जमीन दोन्ही बऱ्यापैकी सांभाळता येतात. मे २०२२ मध्ये आलेल्या मिनी ३ प्रोचा संवेदक क्षेत्रफळाने दुपटीहून मोठा आणि भिंगाचे छिद्र एफ १.७, म्हणजे अधिक प्रकाश घेणारे आहे; तिन्हीसांजेचे चित्रण हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे, त्यांना हा फरक नजरेत भरेल. भर दिवसाच्या माझ्या नोंदींसाठी तेवढ्यावरून नवा ड्रोन घेण्याचे कारण मला सापडलेले नाही.

वारा हा विषय वाचून समजत नाही, तो अनुभवावाच लागतो. सेकंदाला साडेआठ ते साडेदहा मीटर वेगाच्या वाऱ्यापर्यंत हे यंत्र तग धरते, असे कंपनी सांगते, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. तरीही जमिनीवर झुळूक वाटणारा वारा शंभर मीटरवर जोरदार असू शकतो आणि डोंगराच्या कडेला तो वर किंवा खाली वळतो, हे लक्षात ठेवावे लागते. आमच्याकडचा साधा नियम असा, की आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना परतीला वारा पाठीशी राहतो. घराकडे आपोआप परतण्याची उंची ठरवताना वाटेतील सर्वांत उंच झाड, टेकडी आणि विजेच्या तारा यांचा हिशेब करावा, कारण या मॉडेलला समोरचा अडथळा ओळखणारे संवेदक नाहीत. जे आहेत ते फक्त खालच्या बाजूला. शिवाय पडद्यावर दिसणारी उंची ही उड्डाणाच्या जागेपासूनची असते, पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. पायथ्याहून निघून चढाच्या दिशेने गेल्यास पडद्यावर ऐंशी मीटर दिसत असतानाही जमीन अगदी जवळ आलेली असते.

घारींचा उल्लेख परीक्षणांत क्वचितच असतो, पण आपल्याकडे तो हवा. घार किंवा गरुड ड्रोनभोवती घिरट्या घालू लागला तर तेथे थांबू नये. सरळ वर चढून मग दूर जावे, कारण शिकारी पक्षी बहुधा वरून झेप घेतात. विणीच्या हंगामात कड्यांच्या जवळ उडवूच नये. सह्याद्रीतील कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, त्यांची संख्या आधीच अत्यंत रोडावलेली आहे आणि आपल्या एका चित्रासाठी त्यांना उठवण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

दीर्घ वापरात ड्रोनचा जो भाग खरोखर म्हातारा होतो तो म्हणजे बॅटरी, म्हणून तिच्याविषयी विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. कंपनीने सांगितलेली ३१ मिनिटे ही वारा नसताना, ठरावीक मध्यम वेगाने सलग उडत राहिल्यास मिळणारी आहेत. नव्या बॅटरीवर, एक चतुर्थांश ऊर्जा शिल्लक असताना उतरण्याची शिस्त पाळली, तर कामाची मिनिटे वीस-बावीसच्या आसपास मिळत. आता जुन्या बॅटऱ्यांवर ती पंधरा-सोळापर्यंत आली आहेत. घट होण्यामागे केवळ वापर नसतो. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळाभर गरम खोलीत पडून राहणे हे तिला उडवण्यापेक्षा अधिक घातक असते. लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरून ठेवली किंवा पूर्ण उतरवून ठेवली, तर तिची क्षमता लवकर घटते आणि ती फुगण्याचा धोका वाढतो. त्यामुळे मी उड्डाणाच्या आदल्या रात्रीच बॅटऱ्या भरतो, एरवी त्या अर्ध्याच्या आसपास ठेवतो आणि तीन महिन्यांतून एकदा तरी त्यांचे उतरवणे-भरणे करतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्या कधीही सोडत नाही. हा ड्रोन ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला आहे आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडची दुपार त्या मर्यादेला सहज टेकते. फुगलेली बॅटरी, फुगवटा कितीही थोडा असला तरी, पुन्हा यंत्रात घालायची नाही, या बाबतीत तडजोड नको.

पाती हा स्वस्त भाग आहे आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. कडेला बारीक चीर दिसली की मी पाती जोडीने बदलतो आणि सोबत नवे स्क्रू लावतो. आमच्या भागातील बारीक धूळ मोटरीत आणि कॅमेऱ्याच्या नाजूक सांध्यात जाते, त्यामुळे उड्डाण नेहमी सतरंजीवरून किंवा सपाट खडकावरून करावे.

आता कायद्याचा भाग, कारण भारतात ड्रोनची उपयुक्तता त्यावरच ठरते. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात मोडतो. त्यासाठी चालक परवाना लागत नाही आणि त्रयस्थ विम्याची सक्तीही नाही. मोठी बॅटरी किंवा पात्यांचे संरक्षक कडे बसवून वजन २५० ग्रॅमच्या वर गेले, की तोच ड्रोन मायक्रो वर्गात जातो, हे ध्यानात घ्यावे. वर्ग कोणताही असला तरी आकाशाचे नियम सर्वांना सारखेच आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात हिरवे, पिवळे आणि लाल विभाग दाखवलेले आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीविना उडता येते, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा २०० फुटांपुरतीच आहे. त्याखेरीज स्थानिक पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. रायगड, सिंधुदुर्ग यांसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील गडांवर पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि अभयारण्यांची गोष्टही तीच आहे. सहलीला जाऊन गडकोटांचे चित्रण करण्याच्या कल्पनेने जे ड्रोन घेतात, त्यांच्या वाट्याला म्हणूनच निराशा येते: ज्या जागा त्यांच्या मनात असतात, नेमक्या त्याच जागा बंद असतात. स्वतःचे शेत, स्वतःचे गाव, परिचयाचा ओढा असा विषय ज्याच्यापाशी आहे, त्याला मात्र ही अडचण फारशी जाणवत नाही.

गावातील माणसांचा विचार कायद्याच्याही आधी करावा. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे अनेक गावांत भीती पसरली होती आणि लोक रात्रभर जागत होते. तेव्हापासून आकाशातील गुणगुण ऐकू आली की माणसे अस्वस्थ होतात आणि ते स्वाभाविक आहे. मी उडवण्यापूर्वी पोलीस पाटलांना आणि त्या शिवारातील शेतकऱ्यांना सांगतो, अंधार पडल्यावर उडवत नाही, आणि घरांची अंगणे किंवा पाणवठे यांवरून यंत्र नेत नाही. ज्याचे शेत चित्रात येते त्याला ते चित्र पाठवतो. याचा मला लाभच झाला आहे, कारण आता शेतकरी आपणहून बांध फुटल्याचे कळवतात आणि वरून पाहून द्या म्हणतात.

नव्याने घेणाऱ्याला मी काय सांगेन? ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या पूर्ण तयार ड्रोनची, तसेच सुट्या भागांच्या संचाच्या स्वरूपातील ड्रोनची आयात केंद्र सरकारने संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढे अपवाद वगळता बंद केली आहे. वेगळे घटक भाग आणण्यास मात्र परवानगीची गरज ठेवलेली नाही. त्यामुळे नातेवाइकांनी परदेशातून येताना ड्रोन सोबत आणावा हा सल्ला ऐकू नये, सीमाशुल्क खाते तो ताब्यात घेऊ शकते. बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या नव्याकोऱ्या मॉडेलला येथे हमी मिळत नाही आणि बिघाड झाल्यास कोणी वाली राहत नाही. बंदीपूर्वी रीतसर घेतलेला, मूळ बिल असलेला वापरलेला ड्रोन हा माझ्या मते जास्त सुज्ञ मार्ग आहे, फक्त तो घेताना घाई करू नये. प्रत्येक बॅटरी आजवर किती वेळा भरली गेली हे ॲपमध्ये दिसते, ते स्वतः पाहावे. बॅटऱ्या सपाट पृष्ठभागावर ठेवून फुगवटा तपासावा. हातांच्या बिजागऱ्यांपाशी तडे नाहीत आणि चालू केल्यावर कॅमेरा न थरथरता स्थिर होतो, याची खात्री करावी. विक्रेत्याने आपल्या खात्यातून यंत्र काढून टाकल्याचे समोरासमोर पाहून, मग मोकळ्या मैदानात एक संपूर्ण बॅटरी संपेपर्यंत त्याचे उड्डाण पाहावे. एवढ्याला जो विक्रेता तयार होत नाही, त्याच्याकडून ड्रोन घेऊ नये.