कमी बजेटचा गेमिंग पीसी आणि ओव्हरक्लॉकिंगची मर्यादा

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवताना बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. माझ्या मते आधी ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय यांचे पैसे बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत बाकीचे भाग बसवावेत. १०८०पी मॉनिटरवर सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) मिळणार, हे बहुतांशी कार्डावरच ठरते. ८ जीबीचे रेडिऑन आरएक्स ६६०० हे काम १३२ वॉटमध्ये करते, त्यामुळे भरवशाचा ५५० वॉटचा पॉवर सप्लाय त्याला पुरून उरतो. तिथे मात्र काटकसर नको, कारण हलक्या दर्जाचा पॉवर सप्लाय जळताना इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो.

प्रोसेसर म्हणून मी रायझन ५ ५६०० सुचवेन. त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला आहे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करून त्याचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवता येतो, पण ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड ते करू देत नसल्याने तिथे त्याचा काहीच उपयोग होत नाही. बोर्ड बी४५० किंवा बी५५० असावा.

खरा फुकटचा वेग रॅममध्ये असतो. ३२०० वेगाची रॅम बसवली तरी सुरुवातीला ती अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालते, आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, सुरू न केल्यास कायम तशीच राहते. शिवाय १६ जीबीची एकच स्टिक न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात आणि चार स्लॉटच्या बोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात.

प्रोसेसरच्या सर्व कोअरचा वेग हाताने वाढवण्याचा सल्ला मी देत नाही. उष्णता वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे ४.२ गिगाहर्ट्झवरून ४.४ वर जाण्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३ करावे लागले, तर जेमतेम ५ टक्के वेगासाठी सुमारे २३ टक्के जास्त वीज खर्च होते. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळिशीकडे झुकलेली असताना सोबत मिळालेल्या छोट्या कूलरला हा भार पेलवत नाही. त्याऐवजी पीबीओमधील (प्रोसेसरला आपोआप वेग वाढवू देणाऱ्या बायोसमधील सोयीतील) कर्व्ह ऑप्टिमायझर वापरावा, त्यात उणे आकडा द्यावा: तो व्होल्टेज कमी करतो आणि वाचलेल्या उष्णतेच्या जागेत प्रोसेसर स्वतःहून जास्त काळ वरच्या वेगावर राहतो. उणे १० पासून सुरुवात करून हळूहळू खाली जावे. जास्त भाराच्या चाचणीत टिकलेला पीसी काही काम नसताना अचानक रीस्टार्ट होऊ लागला, तर आकडा जास्त खाली गेला असे समजून पाच पायऱ्या मागे यावे.