व्हिओलेत्ताचे वीस लुई

सोमवार

'ला त्राव्हियाता' या व्हेर्दीच्या ऑपेराची संहिता आज पुन्हा उघडली. या खेपेला गाण्यांसाठी नाही, पैशांसाठी. संहिताकार पियाव्हेने लिहिलेला प्रत्येक आकडा पेन्सिलीने अधोरेखित केला. दुसऱ्या अंकात हजार लुई. मग जुगाराच्या टेबलावर शंभर, लगेच दुप्पट. तिसऱ्या अंकात उरलेले वीस, आणि त्यातले दहा गरिबांना. नायिका व्हिओलेत्ता, पॅरिसची गणिका: क्षयाने खंगत जाणारी बाई म्हणून तिला सगळेच उभी करतात. दिवाळं निघत चाललेली बाई मात्र क्वचितच दिसते. ती दिसली नाही, तर तिचा प्रियकर आल्फ्रेदो भर मेजवानीत पैसे फेकतो तो नुसता तापट पोराचा आततायीपणा वाटतो.

लुई म्हणजे बोलीभाषेत त्या काळचं २० फ्रँकचं सोन्याचं नाणं. वजन ६.४५ ग्रॅम, व्यास २१ मिलिमीटर. हजार लुई म्हणजे जवळजवळ साडेसहा किलो सोन्याची नाणी. गावाकडच्या त्या तीन महिन्यांच्या संसारासाठी व्हिओलेत्ताने घोडे, गाड्या, होतं नव्हतं ते विकायला काढलं, त्याचं माप हे.

पहिला प्रयोग व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात, ६ मार्च १८५३ रोजी. तो पडला. व्हेर्दीला पात्रं आपल्याच काळाच्या कपड्यांत हवी होती, पण काळ मागे, १७०० च्या आसपास ढकलावा लागला. पुढच्या वर्षी ६ मे रोजी, काही फेरफार करून, व्हेनिसच्याच सान बेनेदेत्तो नाट्यगृहात तो पुन्हा लागला आणि चालला. काळ बदलून करायचा असेल तर एवढंच बघावं, की पैशाला त्या काळातही तोच वास येतो का.

मंगळवार

पहिला अंक. पडदा वर जातो तेव्हा उशिरा आलेले पाहुणे पहिलीच सबब सांगतात: फ्लोराकडे, म्हणजे व्हिओलेत्ताच्या मैत्रिणीकडे, जुगार खेळत बसलो होतो. म्हणजे जुगार पहिल्याच पानावर आलेला आहे. कोरस ही ओळ गडबडीत उडवतो. तिथे निदान एकाने खिसा चाचपावा.

प्रॉपर्टीत, म्हणजे मंचावरच्या सामानात, चार गोष्टी सांभाळायच्या. पेले काचेचे नकोत, पॉलिकार्बोनेटचे. एक फुटला की पुढचा सगळा नाच तुकड्यांवर. पेल्यात साखर असलेलं काही नको, सांडलं की फरशी चिकट होते आणि गाणाऱ्याचा घसाही. फेसाळ पेय तर नकोच, ढेकर वरच्या स्वरावरच यायची. रंग लावलेलं पाणी किंवा गार कोरा चहा पुरतो. आरसा हवाच, कारण नाचायला जाताना ती अडखळते आणि त्यातच बघून आपण किती पांढरे पडलोय ते म्हणते. चौथी गोष्ट फूल. 'हे सुकलं की परत या' म्हणून ती ते आल्फ्रेदोला देते. टाचणीने खोवलेलं फूल ऐन वेळी निघत नाही, ओढलं तर कापड फाटतं. कापडाआड छोटं लोहचुंबक शिवावं आणि विंगेत दुसरं फूल तयार ठेवावं.

शेजारच्या दालनातलं वाद्यवृंदाचं नृत्यसंगीत विंगेतून येतं, आणि अंकाच्या शेवटी बाल्कनीखालून आल्फ्रेदोचा आवाज, हार्पच्या साथीने. दोन्ही ठिकाणी मागे पडण्याची चूक ठरलेली. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरला सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्या अंतरावरच्या आतल्या माणसाने पिटातलं, म्हणजे मंचापुढच्या खड्ड्यातल्या वादकांचं, कानाने ऐकून ताल धरला, तर त्याच्यापर्यंत येताना एक विसावा आणि परत जाताना दुसरा, असा सेकंदाचा दहावा भाग उशीर होतो. जलद लयीत तो उघडा पडतो. म्हणून वाद्यवृंदाच्या कंडक्टरचं चित्र दाखवणारा पडदा आत लावायचा, सहायकाने त्याकडे बघूनच हात द्यायचा, तोही जरासा आधी. कानाला ते चूक वाटतं, प्रेक्षागृहात बरोबर पोचतं. नृत्यसंगीत चालू असताना दालनाचं दार किती उघडं ठेवायचं ते एकदाच ठरवून खिट्टी मारावी. येणाजाणाऱ्याने दार हलवलं की आवाजाची पातळी हलते, आणि समोरचा नाजूक संवाद बुडतो.

अंकाच्या शेवटचा तो वरचा मी बेमोल (ई फ्लॅट) स्वर व्हेर्दीने लिहिलेला नाही. परंपरेने घेतात. जिला सहज येतो तिने घ्यावा. तिसऱ्या अंकाचा दम त्यासाठी खर्चू नये.

बुधवार

दुसऱ्या अंकाचं पहिलं दृश्य म्हणजे कागदांचं दृश्य. आज नुसते कागद मोजले. फ्लोराचं निमंत्रण, मालमत्तेची कागदपत्रं, व्हिओलेत्ताने फ्लोराला लिहिलेलं उत्तर आणि आल्फ्रेदोला लिहिलेली चिठ्ठी, एवढे तरी एकाच मेजाभोवती फिरतात. सगळे पांढरे असले तर रंगीत तालमीपर्यंत निदान एकदा तरी चुकीचा उचलला जातो. निमंत्रण जाड, रंगीत, कडेला सोनेरी. कागदपत्रं मोठी, उभी दुमडलेली, लाखेच्या शिक्क्याची. चिठ्ठ्या पातळ, पण एक निळसर. गाणारीने बोटांनी ओळखले पाहिजेत, डोळ्यांनी नाही.

निमंत्रण ती सुरुवातीलाच वाचून मेजावर टाकते. मग आल्फ्रेदोच्या बापाबरोबरचं, जेर्मोंबरोबरचं, ते लांबलचक युगुलगान, निरोपाचा आक्रोश, बापाचं प्रोव्हान्सचं आळवणं, एवढं सगळं झाल्यावर आल्फ्रेदोची नजर त्यावर पडते आणि ती कुठे गेली हे त्याला कळतं. अर्ध्या तासाच्या आसपास ते तिथेच राहायला हवं. पण घोळदार झगा मेजाजवळून गेला की वाऱ्याने कागद खाली जातो, आणि टेनर, म्हणजे आल्फ्रेदो गाणारा, रिकाम्या मेजाकडे बघून ओरडतो. उपाय सोपा: शाईच्या दौतीखाली कोपरा दाबायचा, आणि दुसरी प्रत मेजालाच चिकटवून ठेवायची.

मालमत्तेची कागदपत्रं हा खरा कळीचा क्षण. जेर्मों आलेला असतो पोराला लुबाडणाऱ्या बाईला दटावायला. ती त्याच्या हातात कागद देते. त्याला कळतं की लुबाडणं तर उलट्या दिशेने चाललंय. इथे जेर्मों गाणाऱ्या बॅरिटोनला खरंच वाचायला वेळ द्यावा. पुष्कळदा तो कागद न उघडताच चकित होतो.

आणि आल्फ्रेदोची कॅबालेत्ता, म्हणजे गाण्याचा जलद शेवटचा भाग. हजार लुईंचं मोलकरीण अन्नीनाकडून कळल्यावर तो शरमेने पेटतो आणि पॅरिसला निघतो. ती गाळायची जुनी सवय आहे, टेनरचा घसा वाचतो, तीनेक मिनिटंही वाचतात. पण ती गाळली की शरमच गाळली. उद्याच्या दृश्यातली थैली मग कशावर उभी राहणार? बापाची कॅबालेत्ता गाळली तर माझी फारशी तक्रार नाही. ही मात्र एक कडवं तरी ठेवावी.

व्हिओलेत्ता चिठ्ठी लिहिते तेव्हा क्लॅरिनेट एकटं वाजतं. टाक कागदाला लागला पाहिजे आणि लिहिणं क्लॅरिनेटआधी थांबता कामा नये. संगीत नाटकात पद रंगलं तर वन्समोअरला मागे जाता येतं. इथे मेजावरचा हात आणि पिटातलं वाद्य एकाच दोरीला बांधलेले, मागे फिरायला जागा नाही.

गुरुवार

थैली.

दुसऱ्या दृश्यातल्या, फ्लोराच्या मेजवानीतल्या जुगाराचा हिशेब आधी. व्हिओलेत्ताचा आश्रयदाता बॅरन शंभर लावतो, आल्फ्रेदोही शंभर, आणि आल्फ्रेदो जिंकतो. मग दुप्पट, तेही तोच जिंकतो. म्हणजे तीनशे लुईंची कमाई. सोन्यात वजन एक किलो नऊशेच्या पुढे. अशी थैली कुणाच्या पायावर पडली तर प्रयोग तिथेच संपेल. म्हणून थैली चामड्याची, आत लोखंडी वायसर फेल्टमध्ये गुंडाळलेले, एकूण तीनशे ते चारशे ग्रॅम. याहून हलकी केली तर पडल्याचा आवाज कागदी येतो. कोटाच्या आतल्या खिशाला कॅनव्हासचं अस्तर द्यावं, नाहीतर कोट एका बाजूला लोंबतो. जेवणाची वर्दी येऊन सगळे आत जातात तेव्हा मेजावरच्या नाण्यांच्या जागी ही तयार थैली खिशात जाते.

संहितेतली सूचना स्पष्ट आहे: थैली तिच्या पायाशी. तोंडावर नाही. हल्ली नोटा उधळतात. चित्र देखणं दिसतं, पण नोटा तरंगत येतात आणि 'इथे हिचे पैसे चुकते केले' या वाक्यानंतर जो धप्प आवाज हवा तो येत नाही. पाठोपाठ कोरस तुटून पडतो, त्याला ठिणगी लागते ती त्या आवाजाची. शिवाय चामडी तळव्याच्या बुटांखाली गुळगुळीत कागद म्हणजे घसरणं आलंच. नोटांचा नेमका उपयोग दुसरीकडे झालाय: आगीनंतर पुन्हा बांधलेल्या ला फेनिचेमध्ये २००४ साली रॉबर्ट कार्सनने गावाकडच्या दृश्यात झाडांवरून पानांऐवजी नोटा गळताना दाखवल्या. तिथे तरंगणं हाच मुद्दा होता.

फेकताना नेम झग्याच्या घेराच्या वीतभर पुढे. घेरावर पडली तर आवाज मरतो, गालिच्यावर पडली तरी मरतो. लाकडी फळीवर रंगाची खूण करावी आणि टेनरने ती जागा रोज पायाने तपासावी. मग मूर्च्छा, बापाचं येणं, आणि ते संथ मोठं समूहगान. या सगळ्या वेळात थैली कुणीही उचलायची नाही. कोरसमधल्या एखाद्या नीटनेटक्या माणसाला ती बाजूला सरकवायचा मोह होतोच, त्याला आधीच सांगून ठेवावं.

जिप्सी आणि मातादोर यांचं आधीचं गाणं लवकर उरकतो. त्यातल्या काठ्या जमिनीवर आपटायच्या त्या संगीतातच लिहिलेल्या आहेत. पोकळ मंचावर त्या तोफेसारख्या वाजतात. टोकांना रबर लावलं की पिट ऐकू येतं.

शुक्रवार

कपडे. झग्याचा घेर फुगवणारा पोलादी कड्यांचा क्रिनोलिनचा पिंजरा १८५६ चा. प्रयोग १८५३ साली घडवायचा तर घेर अनेक परकरांचा आणि घोड्याच्या केसांच्या कापडाचा. तो जड असतो, पण पिंजऱ्यासारखा उडत नाही. कंबर आवळणारं कॉर्सेट बांधताना गाणारीने पूर्ण श्वास घेऊन बरगड्या फुलवायच्या, त्या मापावर नाडी आवळायची. आणि तालीम पहिल्या आठवड्यापासून कॉर्सेटमध्येच.

शनिवार

तिसरा अंक. प्रस्तावना पहिल्या अंकासारखीच सुरू होते, फक्त अर्धा स्वर वर. पहिल्या अंकाआधीच प्रेक्षकाने हे मरण ऐकलेलं असतं, म्हणून आता रंगवायची घाई नको. खोकला तर अगदी मोजका: खरा खोकला स्वरतंतूंना इजा करतो. वाद्यांच्या विरामात नुसता उच्छ्वास, ओठांवर रुमाल, पुरे.

सकाळचे सात, फेब्रुवारी, पॅरिस. त्या वेळी जेमतेम उजाडलेलं असतं. झडप उघडल्यावर सोनेरी ऊन येता कामा नये, राखाडी निळसर उजेड, तोही एका बाजूने. बिछान्याजवळच्या स्टुलावर पाण्याची बाटली, स्फटिकाचा पेला, औषधं. शेवटी ती कोसळते ती बिछान्यावर नाही, कोचावर. तिथे उशीखाली घट्ट फोमचा उतार ठेवला तर डोकं उचललेलं राहतं आणि गळा मोकळा. गाऊनची कड घोट्याच्या वर, म्हणजे 'नवल आहे' म्हणत उठताना पायात येत नाही.

जेर्मोंचं पत्र ती गात नाही, वाचते, मोजक्या व्हायोलिनांवर. तिला ते पाठ आहे. म्हणून कागदाकडे न बघता वाचावं. जुन्या प्रेमाची सुरावट संपण्याआधी वाचन संपलं तर रिकामी जागा पडते, उशीर झाला तर 'आता उशीर झाला' हे तिचं वाक्य संगीतावर आपटतं. घड्याळ लावून बसवावं.

आणि वीस लुई. अन्नीना कप्पा उघडते, मोजते, आकडा सांगते. मोजायला संगीत क्षणभरच देतं, वीस नाणी सुटी मोजता येत नाहीत. दहा-दहाच्या दोन कागदी गुंडाळ्या करून ठेवाव्यात. दहा गरिबांना दे, असं ती सांगते. अन्नीना म्हणते, मग थोडेच उरतील. ती म्हणते, मला पुरतील. या वाक्याला हसू येऊ द्यावं, अगदी साधं, किराणाचा हिशेब सांगावा तसं.

तसबिरीचं पदक ती शेवटी शृंगारमेजाच्या कप्प्यातून काढून आल्फ्रेदोला देते. दोन कप्पे कशाला? उरलेली दहा नाणी त्याच कप्प्यात, गुंडाळी उलगडून, पितळी, पदकावर पसरलेली ठेवावीत. तळाला फेल्ट नको. सगळा वाद्यवृंद अगदी हळू ठेक्यावर उतरतो त्याआधी तिचा हात आत जाईल, नाणी बाजूला सरतील.