आगटीवरचे संत्र्याचे टोस्ट

यांचे अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले जुने मित्र दर दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी शेतावर जमतात. यंदा पाळी आमची आली. डिसेंबरचा शेवटचा रविवार, बायका-पोरं धरून सोळा माणसं. बेत ठरलेलाच असतो: सकाळी हुरडा, जवसाची चटणी, दही, गूळ, दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी. यात माझ्या डोक्याला काही ताप नव्हता. ताप दिला तो माझ्या नणंदेच्या मुलीने. ती नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट शिकते. फोनवर म्हणाली, "मामी, हुरडा भाजून हातावर येईस्तोवर पाहुणे काय करतात? आगटीभोवती उभे राहून धूर खातात. त्यांच्यासाठी क्रोस्टिनी कर ना!"

मग तिनेच समजावलं. क्रोस्टिनी म्हणजे इटालियन भाषेत लहान टोस्ट. पावाचा पातळ काप खरपूस भाजायचा, त्यावर मऊ चीजचा थर, वर फळ. तिकडे अंजीर नाहीतर पेअर लावतात, बकरीच्या दुधाचं चीज घेतात. "तुझ्याकडे संत्री आहेत, घरची गाय आहे. अजून काय पाहिजे?" म्हणाली आणि फोन ठेवला. पाव भाजून त्यावर काहीबाही ठेवायचं, यात लिहिण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. त्यापायी आठवडा गेला.

आमचं गाव वरूडकडचं. संत्र्यांमुळे या पट्ट्याला पेपरवाले विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. भाव पडला की तेच पेपर आमचे रडके फोटो छापतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा यांनी पेढे आणले होते. असो. अंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारा, बराचसा माल तोडून गेला होता, घरापुरती तीन-चार झाडं राखली होती. फळाची चिंता नव्हती.

चीजपासून सुरुवात केली. तालुक्याला मिळतं ते चौकोनी, चांदीच्या कागदातलं. ते या कामाचं नाही. भाची म्हणाली होती रिकोटासारखं कर. रिकोटा म्हणजे पुन्हा शिजवलेलं. चीज काढून उरलेलं पाणी परत तापवून त्यातून ते काढतात. आपण अख्ख्या दुधाचं करणार, म्हणजे खरं तर तो छेनाच. एक लिटर दूध उकळीला आणलं आणि मला हुशारी सुचली: संत्र्याचीच डिश आहे तर दूधही संत्र्याच्या रसानेच फाडू. वाटीभर रस घातला, काही होईना. अजून वाटीभर घातला. बारीक कण धरले, पण पाणी दुधाळच. पिकलेल्या अंबियाच्या संत्र्यात आंबटपणा तो कितीसा! दुधातलं केसीन नावाचं प्रथिन गोळा व्हायला चांगलं आंबट लागतं. आत्याबाई ओट्याशी येऊन बघून गेल्या. "चांगलं दूध कायले नासवून रायली वं?" मी म्हटलं, "आत्याबाई, नासतच तर नाहीये." शेवटी दोन लिंबं पिळली तेव्हा कुठे सुटलं. खाली हिरवट, नितळ पाणी दिसलं म्हणजे दूध पुरतं फाटलं, ही खूण धरायची.

एवढं करून मी सवयीने ते फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला. तासाभराने हातात आलं ते पनीर. पावावर पसरायला गेले तर चुऱ्यासारखं घरंगळून खाली. त्या रात्री पनीरची भाजी झाली.

दुसऱ्या खेपेला दूध उतरवून जरा निवू दिलं, लिंबाच्या रसात तेवढंच पाणी घालून चमच्या-चमच्याने सोडलं, आणि कण दिसायला लागले की ढवळणं बंद केलं. फार ढवळलं की कण चिवट होतात. गार पाण्याने एकदा धुतलं, नाहीतर लिंबाचा वास राहतो. मग नुसतं फडकं खुंटीला टांगलं, वजन नाही. पाऊण तासाने थेंब थांबत आले तेव्हा सोडलं. परातीत तळहाताने मळलं, चिमूटभर मीठ, दोन चमचे साय. आता ते लोण्यासारखं बोटावर बसलं. निघालेल्या पाण्यात दुसऱ्या दिवशीची कणीक भिजवली. पोळ्या मऊ होतात.

पावाची गंमत वेगळीच. तालुक्याच्या बेकरीतला लादीपाव कापायला घेतला की सुरीखाली चेपतो. बेकरीतलेच वेलचीवाले टोस्ट आणून पाहिले. ते दोनदा भाजलेलेच असतात, म्हटलं आपलं काम हलकं होईल. पण ते इतके गोड, की चीज-संत्रं लावल्यावर मिठाई खाल्ल्यासारखं वाटलं. शेवटी बेकरीवाल्या दादांना सांगून न कापलेला अख्खा ब्रेड घेतला आणि एक दिवस शिळा होऊ दिला. शिळा ब्रेड बोटाएवढ्या जाडीचा सरळ कापता येतो. तव्यावर मोठ्या आचेवर भाजला तर बाहेरून काळा, आतून ओला. बारीक आचेवर, वरून उलथण्याने न दाबता, दोन्ही बाजूंनी वाळवत वाळवत भाजला तर कुरकुरीत होतो आणि तसाच राहतो. भाजण्याआधी ब्रशने तूप लावलं होतं, तर डिसेंबरच्या थंडीत ते टोस्टवर पांढरं थिजलं आणि खाताना टाळूला चिकटलं. मग घाण्याचं शेंगदाण्याचं तेल घेतलं. तिकडे ऑलिव्हचं लावतात.

आता संत्रं. इथे मी सगळ्यात जास्त फसले, आणि तेही संत्रेवाली असून! फोडी तशाच्या तशा, बियांसकट, गुळात टाकून पाकवल्या. गरम गरम चाखल्या तेव्हा छान होत्या. सकाळी उघडून पाहिलं तर कडू जहर. यांनी एक बोट लावलं आणि म्हणाले, "हे होणारच होतं." संत्र्याच्या बियांत आणि पापुद्र्यात एक द्रव्य असतं, ते आधी कडू नसतं, फळ चिरडलं, रस सुटला, की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि मग कडू लागतं. संत्र्याचा रस काढून बाटलीत भरणाऱ्यांची ही जुनीच डोकेदुखी. आपल्यालाही माहीत असतं की रस काढला की लगेच प्यावा. का, ते कधी विचारलं नव्हतं. मी यांना म्हटलं, "मग रात्री का नाही सांगितलं?" तर म्हणे, तू विचारलं नाहीस.

म्हणून फोड सोलायची. संत्र्याची फोड घेतली की तिच्या आतल्या कडेला, जिथे बिया असतात, तिथे एक जाडसर शीर असते. ती कात्रीने उडवायची. मग पापुद्रा दोन्हीकडून पुस्तकासारखा उघडतो, बिया आपोआप खाली पडतात, आणि आतला केशरी भाग बोटांवर पाखरासारखा अलगद घ्यायचा. जोर लावला तर केसर तुटून रस वाहतो. सोललेल्या फोडी लगेच ताटात मांडायच्या नाहीत, चाळणीवर ठेवायच्या. अर्ध्या तासात खाली दोन चमचे रस साचतो. तोच रस एरवी टोस्टमध्ये जातो. एका संत्र्यात दहा-अकरा फोडी धरल्या आणि टोस्टवर दोन, तर चाळीस टोस्टना आठ संत्री पुरावीत. मला बारा लागली. बाकीच्या फोडी सोलणाऱ्या हातांनीच खाल्ल्या.

शनिवारी रंगीत तालीम केली. सगळं जमलं होतं. फक्त टोस्ट मांडून झाल्यावर शेजारच्या काकू आल्या, गप्पांत तास गेला. परत आले तर टोस्ट लिबलिबीत, उचलला की मधून वाकतोय. माझा चेहरा उतरला. आत्याबाईंनी मात्र एक उचलला, मग दुसरा, मग ताटली जवळ ओढली. "दुधात बुडवलेल्या टोस्टावानी लागते," म्हणाल्या आणि पाच संपवले. मी ते माझी समजूत घालणं म्हणून सोडून दिलं.

रविवारी सकाळी सहाला शेतात धुकं होतं. तीन लिटर दुधाचा छेना रात्रीच करून, फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवला होता. आगटी पेटवली, गोवऱ्यांचा जाळ बसला, तशी यांनी एका अंगाचे निखारे ओढून मला दिले. पापड भाजायची जाळी दोन विटांवर ठेवली. गॅसच्या तव्यावर आठवडाभर जे जमवत होते ते निखाऱ्यांवर पहिल्याच घाण्याला जमलं. कोरडी आच, पाव नुसता वाळत जातो आणि कडा तेवढ्या करपतात. गोवरीच्या धुराचा हलका वास लागतो, तो मला आवडला. पुतण्या छेना थापत होता, मी फोडी ठेवत होते, जाऊबाई वरून भाजलेल्या जवसाची भरड, मिरपूड आणि मधाचा थेंब सोडत होत्या. आधी करून ठेवायचं नाही, माणूस समोर उभा राहिला की हातात द्यायचं, एवढा एकच नियम मी लावला होता. छेन्याचा थर कडेपर्यंत सरळ लावायचा, मग रस लगेच पावात उतरत नाही, हे त्या गडबडीत कळलं.

पाहुण्यांनी नावं विचारली. मी क्रोस्टिनी म्हटलं, पुतण्या संत्रा-टोस्ट म्हणाला, आणि दिवसभर संत्रा-टोस्टच चाललं. एकांनी तळहातावरचा गरम हुरडा त्यावर पसरून खाल्ला, ते पाहून बाकीचेही तसंच करायला लागले. चाळीसमधला एक उरला नाही. अकराच्या सुमारास हुरडा रंगात आला आणि माझी जाळी कुणी विचारीना.

आत्याबाई लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसल्या होत्या. त्यांना मी पहिल्याच घाण्यातला, सगळ्यात कुरकुरीत टोस्ट नेऊन दिला होता, दुसऱ्या घाण्यातलाही एक. सगळं आवरून गेले तर दोन्ही तसेच ताटलीत, वर स्टीलची वाटी पालथी घातलेली. मी म्हटलं, "आत्याबाई, नाही आवडला का?"

वाटी उचलून त्यांनी बोटाने टोस्ट दाबून पाहिला. पुरता वाकला. "पुढचे दात कुठी हाय मले," म्हणाल्या, "आता झाला खायजोगा."