दोन कानांत दोन वेगळे आवाज

हेडफोन लावायचे, डाव्या कानात 'बा' आणि बरोबर त्याच क्षणी उजव्या कानात 'गा', आणि काय ऐकू आलं ते सांगायचं. डायकॉटिक लिसनिंग टेस्ट म्हणतात ती एवढीच. पण उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांना उजव्या कानातलं जास्त वेळा बरोबर सांगता येतं आणि त्यावरून भाषा मेंदूच्या कुठल्या अर्ध्यात आहे याचा अंदाज बांधता येतो, हे मला खरंच भन्नाट वाटतं.

मानसशास्त्रज्ञ डोरीन किमुराने १९६१ मध्ये मॉन्ट्रियलला हे दाखवलं, आकडे ऐकवून. तिथल्या एपिलेप्सीच्या पेशंट्सची भाषा कुठल्या बाजूला आहे ते वाडा टेस्टने आधीच कळलेलं होतं, म्हणजे गळ्यातल्या धमनीतून औषध देऊन मेंदूचा एक अर्धा भाग थोडा वेळ झोपवायचा आणि माणूस बोलू शकतो का बघायचं. तर ज्यांची भाषा उजव्या अर्ध्यात होती त्यांचा डावा कान सरस निघाला! सुई नाही, औषध नाही, नुसतं ऐकून.

कारण असं की प्रत्येक कानाची विरुद्ध बाजूला जाणारी वाट जास्त दमदार असते, आणि दोन्हीकडून एकदम आवाज आले की कानाच्या स्वतःच्याच बाजूला जाणारी वाट दबते. मग उजव्या कानातलं थेट डाव्या अर्ध्यात, म्हणजे बहुतेकांची भाषा असते तिथे पोचतं, डाव्या कानातलं मात्र आधी उजवीकडे जाऊन मग कॉर्पस कॅलोसम, म्हणजे मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा पूल, ओलांडून येतं. १९६८ मध्ये मिल्नर, टेलर आणि स्पेरी यांनी हा पूल कापलेल्या पेशंट्सवर हीच टेस्ट केली तर डाव्या कानातलं त्यांना जवळजवळ सांगताच येईना, आणि एकावेळी एकाच कानात ऐकवलं की नीट सांगत होते.

पण एका माणसाच्या एका स्कोअरवरून त्याच्या मेंदूबद्दल निकाल देऊ नये, प्लीज. लक्ष कुठे आहे त्यावर स्कोअर हलतो, म्हणून तर नॉर्वेत बर्गेनला केनेथ हुगडाल यांच्या टेस्टमध्ये 'फक्त उजवा ऐका', 'फक्त डावा ऐका' असे वेगळे राउंड असतात.

तिथे बा, दा, गा, पा, ता, का असे सहा आवाज वापरतात. इंग्रजी रेकॉर्डिंग असेल तर त्यातला 'दा' आपल्या कानाला 'डा' लागतो, आणि आपल्याकडे तर दा आणि डा दोन्ही वेगळे, वर धा-ढा आहेतच. त्यामुळे मराठी माणसांची टेस्ट मराठी आवाजातच व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. कुणी ऑडिओलॉजीत असेल आणि असं रेकॉर्डिंग केलं असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा.